हजेरीवहीतल्या चौकटी

पुण्यात ज्या व्यायामशाळेत मी प्रशिक्षक म्हणून काम करतो, तिथे दारातच बोट टेकवून हजेरी लावण्याचे यंत्र आहे. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, याचा तक्ता महिनाअखेरीस मालकांच्या संगणकावर आपोआप तयार होतो. तरीही मी स्वतःची एक वेगळी वही ठेवतो. ती लाल कापडी पुठ्ठ्याची आहे, लांबट, किराणा दुकानदार उधारीसाठी वापरतात तसली. तिच्यात प्रत्येक माणसाला एक ओळ आणि प्रत्येक दिवसाला एक चौकट असते. चौकटीत दोन आकडे येतात: आदल्या रात्री झोप किती तास झाली आणि आजचा व्यायाम एक ते दहाच्या मापात किती जड गेला. जागा उरली तर त्याखाली माझ्या हातचा एखादा शब्द असतो, 'पाठ', 'घाईत', 'मुलीची बारावी', 'गप्प' असा. मेंबरांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी आमच्यासारख्या ट्रेनरला काय करता येते, असे कोणी विचारले की मी आधी ही वही पुढे करतो. या बाबतीत मला जे थोडेफार जमले आहे, ते या चौकटी भरता भरताच जमले आहे.

वही सुरू झाली ती २०२० च्या दसऱ्यानंतर. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली, व्यायामशाळांना कुलपे लागली आणि राज्यात त्या पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती थेट २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. दसऱ्याला आमच्याकडे डंबेलच्या रॅकला झेंडूची माळ चढते, बारला हळदकुंकू लागते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपट्याची पाने दिली जातात. सात महिन्यांनी दार उघडले होते, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांनाच जरा भरून आले होते. आमच्याकडे नेमाने येणारे पन्नाशीतले एक काका मार्चपर्यंत ट्रेडमिलवर पंचवीस मिनिटे सहज काढत असत. त्या दिवशी चौथ्याच मिनिटाला त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला, लाल बटण दाबले आणि तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून ते नुसते उभे राहिले. मी लांबूनच मोठ्याने म्हणालो, "काय काका, सात महिन्यांत सगळा स्टॅमिना घालवलात की!" आजूबाजूचे हसले. काकाही हसले, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडले आणि पुढे साडेतीन आठवडे फिरकले नाहीत.

परत आले तेव्हा बुटाची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितले की ऑगस्टमध्ये त्यांचे थोरले भाऊ कोविडने गेले. शेवटचे पाच दिवस त्यांना भेटता आले नव्हते. फोनवर शब्द उमटत नसत, फक्त श्वास ऐकू येई. दसऱ्याच्या दिवशी मास्कच्या आत स्वतःचा लागलेला दम कानावर पडला आणि तो भावाचाच आहे असे त्यांना वाटले. मला त्यावर काय बोलावे ते सुचले नाही. मार्च महिन्याचा तक्ता काढून ऑक्टोबर महिन्याच्या माणसाला मी जुन्याच वेगाने ट्रेडमिलवर चढवले होते आणि मधल्या सात महिन्यांबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता. त्याच संध्याकाळी मी ही वही विकत आणली.

व्यायामाने मन सुधारते, हे वाक्य आता आमच्या धंद्यात भिंतीवरच्या सुविचारासारखे झाले आहे. ते खोटे नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याचे निदान झालेल्या, पन्नाशी गाठलेल्या १५६ जणांचे तीन गट केले होते: एकाला देखरेखीखाली व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालीन हे औषध आणि तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखी निघाली. आम्ही ट्रेनर मंडळी एवढेच ऐकतो आणि खूश होतो. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले होते की सुरुवातीच्या काळात सर्वांत लवकर उतार पडला तो केवळ औषध घेणाऱ्यांना. शिवाय व्यायामाच्या गटातली माणसे स्वतःहून तयार झालेली होती, आठवड्यातून तीनदा ठरल्या वेळी येत होती आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी होते. ज्याला अंथरुणातून उठून दात घासणेही डोंगराएवढे वाटते, त्याला "व्यायाम कर, बरे वाटेल" असे सांगणे म्हणजे ताप आलेल्याला "ताप उतरव, बरे वाटेल" असे सांगण्यासारखे आहे.

आमच्याकडे एक मुलगी आहे, हिंजवडीला नोकरी करते; तेव्हा ती नैराश्यावर गोळी घेत होती. तीन महिने नियमित आल्यावर तिने एकदा मला विचारले, "सर, आता व्यायाम सुरूच आहे, तर गोळी बंद केली तर चालेल ना?" हा प्रश्न आमच्यापैकी पुष्कळांना सुखावतो, कारण त्यात आपल्या कामाची पावती असते. मी तिला म्हणालो की गोळी ज्यांनी सुरू केली त्यांनाच हे विचारायचे, आणि विचारताना आपण तीन महिने आठवड्यातून चार दिवस व्यायाम करतो आहोत हेही त्यांना सांगायचे. तिने विचारले. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली. पुढे सहा महिन्यांनी त्यांनीच ती टप्प्याटप्प्याने कमी केली. ही औषधे एकाएकी तोडली तर चक्कर, बेचैनी, निद्रानाश असा त्रास होऊ शकतो आणि मूळचा आजारही उलटू शकतो. आपल्या सल्ल्यावरून कोणी ती सोडली, तर पुढच्या परिणामाला आपणच जबाबदार असतो.

मग ट्रेनरजवळ असे काय असते, जे डॉक्टरांजवळ नसते? आमच्याजवळ वेळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ त्या माणसाला महिन्यातून एकदा पंधरावीस मिनिटे पाहतात. मी त्याला आठवड्यातून चार तास पाहतो, तेही पवित्रा टाकून वावरताना, म्हणजे घामेजलेल्या, थकलेल्या आणि केस विस्कटलेल्या अवस्थेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. व्यायामशाळा म्हणजे काही देशाचा नमुना नव्हे, तरी सकाळी सहाच्या तुकडीत माझ्यासमोर तीस माणसे उभी असतात तेव्हा हा आकडा माझ्या मनात येतो. त्यांतल्या दोघातिघांकडे इतके सलग आणि इतक्या जवळून पाहणारा घराबाहेरचा माणूस कदाचित मी एकटाच असतो.

इथे मला माझ्या लहानपणच्या तालमीची आठवण येते. मी कोल्हापूरचा. आमचे वस्ताद शिकलेले नव्हते, परंतु पोर दारातून आत येताना त्याच्या चालीवरून रात्री तो झोपला आहे की नाही हे त्यांना कळत असे. एखाद्या दिवशी ते नुसते बघत आणि म्हणत, "आज जोर नको मारूस, हौदा उकर." मग त्या दिवशी खोरे घेऊन लाल माती खालीवर करायची, त्यात ताक आणि तेल पडले असले तर ते नीट मिसळायचे, आणि घरी जायचे. मला तेव्हा ती शिक्षा वाटत असे. आज लक्षात येते की ती सूट होती आणि तीही अशी दिलेली, की पोराला इतरांदेखत कमीपणा येऊ नये आणि तालमीतली हजेरीही चुकू नये. तालमीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. रडणाऱ्या पोराला 'बायकी' म्हणणारे आणि मार देणारे वस्तादही मी पाहिले आहेत आणि त्या धाकाने कुस्ती कायमची सोडलेली मुलेही पाहिली आहेत. परंतु 'आज हौदा उकर' ही युक्ती मात्र मी उचलली. माझ्या वहीत प्रत्येकाचा एक छोटा पाठ ठरलेला असतो: दहा मिनिटे चालणे, दोन सोपे व्यायाम, पाच मिनिटे ताणाचे प्रकार. ज्या दिवशी झोपेचा आकडा चारच्या खाली असतो किंवा माणूस नुसताच बाकावर बसून राहतो, त्या दिवशी तो पाठ करायचा आणि पूर्ण हजेरी लावून घरी जायचे. व्यायाम चुकला तर अपराधी वाटते, अपराधी वाटले की दुसऱ्या दिवशी येण्याची लाज वाटते, आणि लाजेपायी सुटलेली माणसे मी आळसापायी सुटलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

मन बिघडल्याच्या खुणा व्यायामशाळेत फार नाट्यमय नसतात. इथे सहसा कोणी रडत नाही. सेट मोजता मोजता आकडा हरवतो. रोज आरशासमोर उभा राहणारा अचानक खांबाआडची जागा धरतो. सकाळच्या तुकडीतला माणूस दुपारी तीनला, हॉल रिकामा असताना येऊ लागतो. पन्नास किलोचा डेडलिफ्ट सहज उचलणाऱ्याला दोन आठवडे चाळीस जड जातो आणि त्याला दुखापत, ताप, उपास यांपैकी काहीही नसते. यांतली एखादी गोष्ट एकदा घडली तर तिला काही अर्थ नाही. वहीत सलग आठदहा चौकटी तशाच दिसल्या तर मात्र विचारायला हवे.

आणि खूण नेहमी 'कमी' याच दिशेला असते असे नाही. आमच्या धंद्याचा खरा आंधळेपणा 'जास्त'च्या बाबतीत आहे, कारण जास्त करणाऱ्याचे आम्ही कौतुक करतो, त्याचे फोटो लावतो. तापात व्यायामाला येणारा, दिवसातून दोनदा येणारा, चुलत भावाच्या हळदीला जेवण मोजून डब्यातून नेणारा आणि 'लेग डे', म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस, चुकतो म्हणून लग्नच टाळणारा मुलगा आम्हाला आदर्श वाटतो. पिळदार शरीर असूनही स्वतःला किरकोळ समजण्याच्या या विकाराचे वर्णन हॅरिसन पोप या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केले, तेही व्यायामशाळांत येणाऱ्या पुरुषांकडे पाहूनच. आज त्याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. अशा मुलाला "अजून खांदे भरले पाहिजेत" असे म्हणणारा ट्रेनर त्याच्या आजाराची बाजू घेत असतो. त्यात स्टेरॉइडची भर पडली की संतापाचे झटके येऊ शकतात आणि ती थांबवल्यावर काही जणांना खोल नैराश्य येते. 'सायकल', म्हणजे स्टेरॉइड घेण्याचा एक टप्पा, संपवून परतलेला आणि एकदम कोमेजलेला मुलगा दिसला, तर त्याला नव्या डाएटची नव्हे, डॉक्टरांची गरज असते.

मुलींच्या बाबतीत एक साधा प्रश्न आम्ही पुरुष ट्रेनर संकोचापायी विचारत नाही. व्यायाम भरपूर आणि खाणे अपुरे झाले की पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे कमजोर होतात, चिडचिड आणि उदासी वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती पुरुष खेळाडूंमध्येही आढळते हे स्पष्ट केले. आमच्याकडे ही चौकशी आता एका महिला सहकाऱ्याकडे सोपवलेली आहे आणि नावनोंदणीच्या अर्जातच तो प्रश्न छापलेला आहे, त्यामुळे कोणालाच तोंड चुकवावे लागत नाही.

विचारायचे ठरवले तरी कसे विचारायचे, हे मला कोणी शिकवले नाही. चुकत चुकत शिकलो. "काय झालंय तुम्हाला?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर मिळते, कारण त्या प्रश्नात चौकशीपेक्षा तपासणी अधिक असते. "आज मूड नाही का?" हे तर त्याहून वाईट, त्यात टोमणा असतो. मी आता फक्त जे पाहिले तेच सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका बँकेतल्या अधिकारी बाईंशी झालेले बोलणे मला जवळजवळ शब्दशः आठवते. त्या बारवरच्या वजनाच्या प्लेटा काढून रॅकला लावत होत्या, मी दुसऱ्या बाजूच्या काढत होतो. मी म्हणालो, "ताई, वहीत तीन आठवडे झोप चारच तास दिसतेय आणि सगळंच तुम्हाला नऊ-दहा जड जातंय. पूर्वी असं नव्हतं." त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. आम्ही दोन्हीकडच्या प्लेटा लावून संपवल्या. मग त्या म्हणाल्या, "घरी बसून रडता येत नाही ना, म्हणून गाडीत रडून येते." एवढेच. मी म्हणालो, "बरं केलंत सांगितलंत. आज छोटा पाठ करू. आणि जाण्याआधी दोन मिनिटं द्या मला."

समोरासमोर खुर्चीत बसवून विचारले असते तर त्या बोलल्या नसत्या, याची मला खात्री आहे. हातात काम असावे, नजर समोरच्या माणसावर नसावी आणि उत्तर न देण्याची मोकळीक असावी, अशा वेळी माणूस बोलतो. भाकऱ्या थापताना किंवा शेंगा फोडताना घरातल्या बायका एकमेकींना जे सांगतात, ते दिवाणखान्यात कधी सांगत नाहीत, तसेच हे आहे. आणि सांगितल्यावर लगेच उपाय देऊ नये. "पॉझिटिव्ह राहा", "लोकांना याहून मोठी दुःखे असतात", "माझ्या एका मेंबरचेही असेच होते", ही तिन्ही वाक्ये मी एके काळी सर्रास वापरत असे आणि तिन्हींनी समोरचा माणूस गप्पच झाला होता.

बोलणे हा आमच्या कामाचा लहानसा भाग आहे. मोठा भाग व्यायामाच्या आखणीतच आहे आणि तिथे मात्र आम्हाला ज्ञान हवे. ज्याला भीतीचे झटके येतात, त्याला धडधड, धाप, घाम आणि हलके वाटणारे डोके यांचीच भीती बसलेली असते, आणि व्यायामात तर नेमके हेच सारे घडते. अशा माणसाला पहिल्याच दिवशी दमवणे म्हणजे त्याच्या भीतीला पुरावा देणे होय. त्याला आधी सांगायचे की आता छाती धडधडेल, ती दोनतीन मिनिटांत उतरेल, आपण दोघे मिळून घड्याळ पाहू. मग बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवायचा, धडधड उतरताना त्याला स्वतःची नाडी मोजायला लावायची आणि शेवटचे शांत करणारे व्यायाम घाईने उरकायचे नाहीत. काकांबरोबर मी पुढे हेच केले. पहिले दोन आठवडे ट्रेडमिलला हातही लावला नाही. आम्ही इमारतीच्या आवारात चालत होतो आणि तिथे स्वतःचा श्वास कानात घुमत नव्हता.

औषधांचीही किमान माहिती हवी. ती सल्ला देण्यासाठी नव्हे, तर आपला व्यायाम त्यांच्या आड येऊ नये यासाठी. धडधड कमी व्हावी म्हणून काहींना प्रोप्रॅनोलॉल दिलेले असते; त्याने नाडीचा वेगच आवरला जातो, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून "अजून जोर लावा" म्हणणे चुकीचे ठरते. तिथे श्रम किती वाटतात हे विचारणेच खरे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने श्रमाची जाणीव मोजण्याची ६ ते २० अशी पट्टी बनवली होती. माझ्या वहीतले एक ते दहाचे माप हे त्याच कल्पनेचे सुटसुटीत रूप आहे. मनाचे टोकाचे चढउतार आवरण्यासाठी लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी किंवा मीठ फार घटले, तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद हॉलमध्ये तासभर घाम गाळायला लावणे आणि वर फोटोसाठी 'कटिंग' म्हणून, म्हणजे स्नायू उठून दिसावेत म्हणून, मीठ बंद करायला सांगणे, हे अशा माणसाच्या जिवावर बेतू शकते. काही औषधांनी वजन वाढते आणि भूक आवरत नाही. त्या माणसाला "तोंडावर ताबा नाही" म्हणणे हे अज्ञान तर आहेच, पण क्रूरपणाही आहे. अर्जात औषधांचा रकाना भरून घ्यावा, तो न भरण्याची मुभा असावी आणि भरलेला अर्ज रिसेप्शनच्या टेबलावर उघडा पडू नये.

खासगीपणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्याकडे पूर्वी एक पांढरा फळा होता आणि त्यावर दर शनिवारी सगळ्यांची वजने लिहिली जात. कल्पना माझीच होती. चुरस लागेल असे मला वाटले होते. चुरस लागली ती ज्यांना लागायची गरज नव्हती त्यांना. एक तरुण मुलगी शुक्रवारपासून जेवण सोडू लागली होती, हे तिच्या आईने मला मंडईत गाठून सांगितले तेव्हा मला कळले. त्या शनिवारी फळा पुसला. आता त्यावर फक्त कोणी काय नवे जमवले ते लिहितो, आणि तेही विचारून: पहिला पूर्ण जोर, जिना न थांबता चढणे, नातवाला उचलून घेणे. आधीचे-नंतरचे फोटो लावणे मी बंद केले, त्यावरून मालकांशी माझा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. लग्नसराईत येणाऱ्या 'दहा किलो दोन महिन्यांत' या पाहुण्यांवर धंदा चालतो, हे त्यांचे म्हणणे मला खोटे ठरवता येत नाही.

आता मर्यादेबद्दल. त्या बँकेतल्या ताईंना मी जी दोन मिनिटे मागितली होती, त्यांत मी त्यांना एक कागद दिला. त्यावर आमच्या भागातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांचे आणि एका चिकित्सक मानसशास्त्रज्ञांचे नाव, ससूनच्या मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण वेळा आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक होता. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली; ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा कागद मी वहीच्या मागच्या खणात ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी त्यावरचे क्रमांक स्वतः फिरवून पाहतो, कारण धीर गोळा करून लावलेला पहिला फोन कोणी उचललाच नाही, तर दुसरा सहसा लावला जात नाही. ताईंना मी असेही म्हणालो की डॉक्टरांकडे गेलात म्हणजे इथले काही बदलत नाही, गुरुवारची तुमची वेळ तुमचीच राहील. पुष्कळदा लोकांना नेमकी तीच भीती असते, की आपल्याला आता पुढे ढकलले जाते आहे.

कोणी जगण्यात अर्थ नाही असे बोलून गेला, तर ते ऐकले नाही असे दाखवू नये. "जीव द्यायचा विचार येतो का?" हे सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे या विषयातले जाणकार वारंवार सांगत आले आहेत. उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडायचे नाही, गुप्ततेचे वचन द्यायचे नाही आणि घरच्या माणसाला बोलावून त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवायचे. पोलिसांच्या भीतीने घरचे लपवाछपवी करतात, म्हणून हेही माहीत असावे की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षा करण्याऐवजी उपचार देणे ही सरकारची जबाबदारी ठरते. माझ्यावर हा प्रसंग एकदाच आला. त्याबद्दल मी इथे यापेक्षा अधिक लिहिणार नाही. तो मुलगा बरा आहे.

याउलट टोकाचीही चूक मी केली आहे. एक गृहस्थ पर्सनल ट्रेनिंगचे पैसे भरून तासभर बाकावर बसून मला घटस्फोटाची हकिकत सांगत असत आणि मला त्यात आपण फार उपयोगी पडतो आहोत असे वाटे. चार महिन्यांत त्यांचे वजनही हलले नाही आणि दुःखही. शेवटी मी ठरवले की बोलायचे ते चालताना किंवा सेटच्या मधल्या नव्वद सेकंदांत. ते आधी रागावले. पुढे त्यांनीच समुपदेशक शोधला. माझ्याकडे ते आजही येतात, पण आता व्यायामाला येतात.

मालकांना आणि आमच्या संघटना चालवणाऱ्यांना एक गोष्ट ऐकवायची आहे. पहाटे पाच ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते दहा अशा तुटक पाळीत काम करणाऱ्या, दुपारी खोलीवर जाऊन चार तासांची झोप दोन हप्त्यांत पुरी करणाऱ्या आणि महिन्याचे रिन्यूअलचे टार्गेट डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या पोरांकडून दुसऱ्याच्या मनाची काळजी कशी घेतली जाईल? पगाराचा मोठा हिस्सा पर्सनल ट्रेनिंगच्या तासांवर ठरत असेल, तर "या आठवड्यात तुम्ही विश्रांती घ्या" हे वाक्य उच्चारणाऱ्या ट्रेनरच्या खिशातून पैसे जातात. हा पेच त्याच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. आमच्याकडे छोट्या पाठाचा तासही पूर्ण तास धरावा, एवढे मी मान्य करून घेतले आहे; त्याला सव्वा वर्ष लागले. माझ्या स्वतःच्या नावाचीही एक ओळ वहीत आहे. तिच्यातले झोपेचे आकडे पाहून माझ्या महिला सहकाऱ्याने गेल्या दिवाळीत मला हौदा उकरायला धाडले होते.

काका अजून येतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सव्वासातला. ट्रेडमिलवर त्यांची पंचवीस मिनिटे पुन्हा झाली ती २०२२ मध्ये, आणि त्या दिवशी चौकटीत मी काय लिहावे हे न कळल्यामुळे नुसता आकडा लिहिला होता. ऑगस्ट महिन्यातल्या त्यांच्या ओळीत दरवर्षी झोपेचे आकडे उतरतात. आता आम्ही दोघेही ते गृहीत धरतो आणि त्या आठवड्याची आखणी आधीच हलकी ठेवतो. या ऑगस्टमध्ये एका बुधवारी मी दुसऱ्या कोणाला बार धरायला शिकवत होतो, म्हणून त्यांनी वही स्वतःच ओढून घेतली. नंतर मी पाहिले तर चौकटीत त्यांच्या तिरक्या, बँकेच्या चेकवर सही करावी तशा अक्षरात लिहिले होते: 'झोप ४. श्रम ६. आज बोलायचे नाही, पण चालू या.' मी किल्ल्या खिशात टाकल्या आणि आम्ही आवारात उतरलो. पाऊस नुकताच थांबला होता. अकरा फेऱ्या झाल्या.